गुलाबाची छाटणी कधी आणि कुठवर? (नागपूर, जमिनीतली जुनी झाडं)

प्रतापनगरची सून | २४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मागच्या अंगणात गुलाबाची चौदा झाडं आहेत, सगळी जमिनीत, काळी माती, सर्वात जुनं झाड वीसेक वर्षांचं असेल. सासूबाईंनी लावलेली. दरवर्षी छाटणी त्या स्वतः करायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत, मी आपली खाली पडलेल्या फांद्या गोळा करून पोत्यात भरायची एवढंच. या फेब्रुवारीत त्या गेल्या. आता हे सगळं माझ्याकडे आलं आहे आणि मला खरंच काही येत नाही.

मागच्या वर्षी त्या आजारी होत्या म्हणून बाहेरून एक माळी बोलावला होता, त्याने गणपती उठल्याबरोबर कुंपणाची मेंदी कापायच्या मोठ्या कात्रीने सगळी झाडं एका उंचीवर सपाट कापली, आणि नंतर आठवडाभर पाऊस. फांद्या वरून काळ्या पडत पडत खाली आल्या. सतरातली तीन झाडं त्यातच गेली. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं ते, बोलल्या काहीच नाहीत. म्हणून यंदा चुकायचं नाही मला.

प्रश्न असे की कधी कापू, आणि किती खाली कापू? व्हिडिओ पाहिले तर कोणी फेब्रुवारी सांगते, कोणी मार्च. शेजारच्या काकू म्हणतात दसरा. आणि एक, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना आमच्या घरी पूजेला घरचेच गुलाब असायचे, यंदाही असावे असं फार वाटून राहिलं आहे.

तिसरा माळा मनीषनगर | २४ सप्टेंबर

ताई आमच्या घरी पण दसराच. सोनं लुटलं की दुसऱ्या दिवशी कात्री. माझे कुंडीत आहेत गच्चीवर, नऊ कुंड्या, दरवर्षी असंच करते आणि फुलं येतात बा.

पेन्शनर माळी | २४ सप्टेंबर

दसरा ही खूण आपल्या आजी-पणजींनी बरोबर पकडली होती कारण तोवर पाऊस सहसा मागे सरतो. पण तिथी सरकते आणि पाऊस काही तिथी पाहून जात नाही. २०२३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ ला १२ ला, यंदा २ ऑक्टोबरलाच आला आहे. बावीस दिवसांचा फरक झाला की नाही. २ ऑक्टोबरला नागपुरात पाऊस गेला असं छातीठोक कोण सांगेल? गच्चीवरच्या कुंडीचं पाणी तासाभरात निथळते आणि वारा खेळता असतो, त्यामुळे मनीषनगरच्या ताईंचं निभावून जाते. जमिनीतल्या झाडाचं तसं नाही, त्यात काळी माती.

ताई, तुमच्या झाडांना जे झालं त्याला डायबॅक म्हणतात. ही बुरशी कापलेल्या जागेतून आत शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली मरत येते. कापलेली फांदी म्हणजे उघडी जखम. ती जखम ओली राहिली, हवा दमट राहिली की बुरशीचं फावते. बोथट कात्रीने फांदी चेंगरली असेल तर आणखीच लवकर. त्या माळ्याने तिन्ही गोष्टी एकदम केल्या, ओला महिना, चेंगरणारी कात्री, आणि डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते तो कोंब, न पाहता सपाट काप.

फेब्रुवारी-मार्च सांगणारे व्हिडिओ थंड देशांतले आहेत, चुकीचे नाहीत, फक्त आपल्यासाठी नाहीत. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते, झाड झोपी जाते, थंडी सरायला लागली की कापतात म्हणजे उन्हाळ्यात फुलेल. आपल्याकडे उलट आहे. आपला गुलाब हिवाळ्यात खरा फुलतो आणि एप्रिल-मे मध्ये कसाबसा जीव धरून राहतो. इथे मार्चमध्ये जोरात कापलं तर कोवळी फूट थेट पंचेचाळीस डिग्रीच्या तोंडी जाईल, उघड्या पडलेल्या फांद्यांची सालं भाजतील.

तर तारीख नका धरू, या गोष्टी पाहा. सलग सात-आठ दिवस आकाश कोरडं गेलं पाहिजे. पहाटे पानांवर दव दिसायला लागलं पाहिजे. आणि झाडाखालची माती वीतभर उकरून मुठीत दाबा, गोळा होऊन बोटांना चिकटत असेल तर थांबा. आपल्या भागात हे सगळं जुळायला बहुतेक ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो.

प्रतापनगरची सून | २५ सप्टेंबर

काका खूप खूप आभार, पहिल्यांदा कोणी कारणासकट सांगितलं. मग मार्गशीर्षाचं जमेल का? यंदा गुरुवार २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबर असे चार आहेत.

पेन्शनर माळी | २५ सप्टेंबर

पहिला गुरुवार सोडून द्या, बाकीचे जमावे. छाटणीपासून फुलापर्यंत पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस धरा, जात आणि थंडीप्रमाणे मागेपुढे. म्हणजे १२ ऑक्टोबरला कापलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फूल. सगळी चौदा झाडं एकाच दिवशी कापू नका, अर्धी आधी आणि अर्धी सहा-सात दिवसांनी. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो. पहिल्या खेपेची फुलं उतरायला लागली की दुसरीच्या कळ्या तयार असतात. दुसरा फायदा म्हणजे मधेच पाऊस आला तर निम्मी झाडं तरी वाचतात.

कोथरूडची कुंडी | २५ सप्टेंबर

आमच्याकडे पुण्यात बरेच जण जून आणि ऑक्टोबर अशी दोनदा छाटणी करतात. तुम्ही जूनची का नाही करत?

पेन्शनर माळी | २५ सप्टेंबर

पुण्याचा जून आणि नागपूरचा जून यात फार अंतर आहे. आमच्याकडे जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे उन्हाळाच असतो. पाऊस नीट लागल्यावर वाळकं तेवढं काढतो, वाळकी फुलं खुडतो, त्याहून जास्त नाही. पावसात काळा ठिपका या पानांवरच्या रोगाने अर्धी पानं तशीही झडतात, त्यात आणखी कापून झाडाजवळचा साठा कशाला कमी करायचा.

काटोलची वावरवाली | २६ सप्टेंबर

ताई, कापलेल्या जागी लावायला बोर्डो मलम करून ठेवा. आमची संत्र्याची बाग आहे, बाबा दरवर्षी झाडांच्या बुंध्याला लावतात डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) येऊ नये म्हणून, निळी बुंधं पाहिली असतील तुम्ही काटोल-नरखेड रस्त्यावर. तेच मलम गुलाबाला चालते. शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं. चुना फुलताना भांडं तापते तर थंड होऊ द्या आणि गाळून घ्या. मग दोन्ही एकत्र ओतत लाकडी काडीने ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंड नको. झालं की लोखंडी सुरी किंवा खिळा मिनिटभर बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडी चुन्याची निवळी आणखी घाला. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी वापरा, शिळं कामाचं नाही.

मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला आणि स्वयंपाकाचं भांडं चुकूनही घेऊ नका, लेकरं असतील तर तर फारच सांभाळा.

तिसरा माळा मनीषनगर | २६ सप्टेंबर

मी तर हळद लावते कापलेल्या टोकाला. आई शेण लावायची.

काटोलची वावरवाली | २६ सप्टेंबर

बारीक फांदीला हळद चालून जाते हो, तुमची कोरड्या गच्चीवर आहेत तर चिंता नाही. पण ज्या अंगणात गेल्याच वर्षी तीन झाडं या रोगाने गेली तिथे मी हळदीवर नाही भरवसा ठेवणार.

प्रतापनगरची सून | २७ सप्टेंबर

मोरचूद आणि कळीचा चुना आणला. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पण नवीन घेतलं, दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, एकात दोन्ही पाती एकमेकांना घासून जातात आणि दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर दाबते. पहिलं घेतलं, बरोबर केलं नं? आता सर्वात मोठी भीती, किती खाली कापू? कोणी म्हणते दीड फूट, कोणी म्हणते गुडघ्याइतकं.

पेन्शनर माळी | २७ सप्टेंबर

बरोबर घेतलं. पट्टीवाल्याने ओली फांदी चेंगरते. दोन झाडांच्या मधे पातं स्पिरिटने पुसत जा, रोगट फांदी कापली तर लगेच पुसा.

आता उंची. आधी सगळं वाळलेलं आणि काळं पडलेलं मुळापासून काढा. मग पेन्सिलीहून बारीक काड्या. मग आतल्या बाजूला वळून एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. एवढं झाल्यावर झाड निम्मं मोकळं दिसेल आणि तिथे पाच मिनिटं थांबून झाडाभोवती एक फेरी मारा, खरंच मारा. चांगल्या चार-पाच जाड फांद्या निवडा, शक्यतो वेगवेगळ्या दिशेला गेलेल्या, त्या दीड फुटाच्या आसपास ठेवा. हे एका दांडीवर एकच मोठं फूल येणाऱ्या जातींसाठी, ग्लॅडिएटर वगैरे ज्यांना आपण एचटी (हायब्रिड टी) म्हणतो. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाला एवढं खाली नेत नाहीत, साधारण निम्म्यावर. वेल असेल तर मुख्य दांडे कापायचेच नाहीत, त्यावरच्या आडव्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून आखूड करायच्या. ती पण बहर होऊन गेल्यावर.

पण फूट-इंचाहून एक गोष्ट महत्त्वाची, कापल्यावर फांदीचा गाभा पाहा. पांढरा किंवा हिरवट पांढरा असेल तर झालं, थांबा. मधोमध तपकिरी टिकली दिसली तर बुरशी तिथवर पोचली आहे, पुढच्या डोळ्यावर या आणि परत कापा. पांढरं दिसेपर्यंत खाली जायचं, मग ती फांदी अर्ध्या फुटाची राहिली तरी चालेल. लोकांचा इथेच हात थांबतो, दया येते, आणि ती राहिलेली तपकिरी टिकलीच महिन्याभरात सगळी फांदी घेऊन जाते.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचाइतका सोडून, डोळ्याच्या मागे उतरता. जास्त सोडलं तर वरचं खोड वाळते, चिकटून कापलं तर डोळाच मरतो.

रोज नवा | २८ सप्टेंबर

माझे आजोबा छाटणीच्या आधी बुंध्याजवळची माती काढून मुळं आठ-दहा दिवस उघडी ठेवायचे, पाणी बंद. करावं का?

काटोलची वावरवाली | २८ सप्टेंबर

संत्र्याला आंबिया बहारासाठी आम्ही ताण देतोच, पाणी तोडतो, झाड विसावा घेते आणि मग पाणी दिलं की एकदम फुलते. गुलाबालाही तोच हिशेब असणार, माझ्या मते करावं.

पेन्शनर माळी | २८ सप्टेंबर

मी पूर्वी करायचो, आता नाही करत. काळी माती वाळली की भेगाळते, त्या भेगांनी बारीक मुळं तुटतात, वर आपण खुरप्याने तोडलेली वेगळी. आणि पाणी ओढून घेणारी बारीक मुळंच असतात. मी फक्त पाणी चार-पाच दिवस आधी कमी करतो. कुंडीत तर मुळं उघडी करूच नका, कुंडी तापली की मुळं शिजतात.

काटोलची वावरवाली | २८ सप्टेंबर

काका, आमच्या अंगणातल्या गुलाबांना बाबा अजूनही तीन-चार बोटं माती काढून चार दिवस ठेवतात आणि झाडं छान आहेत. त्यामुळे मी तरी पूर्ण नाही म्हणणार नाही.

प्रतापनगरची सून | ५ ऑक्टोबर

गावठी गुलाब एक आहे, त्याच्या पाकळ्यांचा सासूबाई गुलकंद घालायच्या, बरणी अजून अर्धी आहे. त्यालाही असंच कापू का? आणि एका झाडाला बुडातून एक लांब फांदी निघाली आहे, फिकट हिरवी, काटे जवळपास नाहीत, सगळ्यात जोमदार तीच आहे. ती ठेवू नं?

पेन्शनर माळी | ५ ऑक्टोबर

ती अजिबात ठेवू नका, ते जंगली खुंटाचं फुटवं आहे. कलम म्हणजे जंगली खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला असतो, तो डोळा भरलेली गाठ बुंध्याशी दिसेल. गाठीच्या वरून निघालेली फांदी आपली, गाठीच्या खालून निघालेली खुंटाची. एका देठावरची पानं मोजा, खुंटाच्या देठावर बहुतेक सात दिसतील. पण फक्त पानं मोजून कापू नका, कधी चांगल्या जातीतही सात येतात, माती सारून फांदी कुठून निघाली ते पाहा आणि मगच. कात्रीने वरवर कापली तर चार होऊन येतील, मुळाशी धरून ओढून उपटून काढा.

गावठीला हात हलका ठेवा. त्याच्यावर डोळा भरलेला नसतो बहुतेक, स्वतःच्या मुळावर असतो. वाळकं काढा, जुनी दोन खोडं बुडातून काढा, बाकी वरचा तिसरा हिस्सा. एवढं पुरे.

प्रतापनगरची सून | १२ ऑक्टोबर, रात्री

आज पहिली सात झाडं झाली. आठ दिवस पाऊस नाही, दव पडून राहिलं आहे, मातीचा गोळा झाला नाही. सकाळी सहाला सुरू केलं ते साडेदहा वाजले.

एक सांगायचं आहे. ग्लॅडिएटरपाशी मी पंधरा मिनिटं नुसती उभी होते, कात्री चालवायची हिंमत होईना. मग वाकून पाहिलं तर प्रत्येक जाड फांदीवर गाठी आहेत, एकीवर एक, जुन्या कापांच्या. बोट फिरवत गेले. प्रत्येक गाठीवरून पुढची फांदी बाहेरच्याच बाजूला गेली आहे, एकही आत वळलेली नाही. म्हणजे सासूबाई दरवर्षी कुठे कापायच्या ते झाडावरच आहे सगळं. त्यांच्या शेवटच्या गाठीच्या वर माळ्याने केलेला तिरपातारपा काप, आणि तिथून फांदी काळी. मी त्यांच्या गाठीपर्यंत आले, गाभा तपकिरी. एक डोळा आणखी खाली, परत तपकिरी टिकली, बारीक. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा दुधासारखा पांढरा निघाला. फांदी वीतभर उरली आहे. पाहवत नव्हतं पण काका तुमचं वाक्य आठवलं.

मलम लावलं. खिळा आधी तांबूस झाला, चुना वाढवला, मग स्वच्छ निघाला. जंगली फुटवं माती सारून पाहिलं, गाठीच्या खालूनच होतं, उपटलं.

पेन्शनर माळी | १३ ऑक्टोबर

ताई, त्या गाठी पाहून कापणं हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. जुन्या झाडाला फूटपट्टी लागत नाही, आधीच्या वर्षीच्या गाठीच्या वर नव्या लाकडाचे दोन-तीन निरोगी डोळे ठेवून कापायचं असते. ज्यांची झाडं जुनी आहेत त्यांनी सर्वांनी हे वाचा. गाठीखाली फक्त रोग असेल तरच जायचं, तुम्ही गेल्या ते बरोबर.

आता आठ-दहा दिवस खत नको, पाणी बेताचं. पानंच नाहीत तर झाड पाणी पिणार कशाने. डोळे फुगले की प्रत्येकी घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, बुंध्याला चिकटवून नाही, फूटभर लांब गोल आळ्यात. कापलेली पानं-काड्या तिथे पडू देऊ नका, काळ्या ठिपक्याची बुरशी त्या पानांतच राहते.

प्रतापनगरची सून | २६ ऑक्टोबर

दुसरी खेप धनतेरसला सकाळी केली, १८ ला. पहिल्या सातपैकी सहा झाडांना फूट आली आहे, लालसर चमकदार पानं, बोटभर. ग्लॅडिएटरची वीतभर फांदी चौदा दिवस गप्प होती, आज गाठीच्या जवळ एक लाल ठिपका दिसतो आहे, भिंग घेऊन पाहिला, डोळाच आहे. एका जागी दोन-दोन फुटवे आले आहेत काही ठिकाणी, दोन्ही ठेवू?

पेन्शनर माळी | २६ ऑक्टोबर

एक ठेवा, बाहेर जाणारा. दुसरा आत्ता अंगठ्याने मोडा, कात्री नको. आणि मावा पाहत जा कोवळ्या शेंड्यांवर, थंडी पडली की येतो, थोडा असेल तर पाण्याच्या धारेने जातो.

तिसरा माळा मनीषनगर | २७ ऑक्टोबर

मी यंदा थांबले काका. दसऱ्याला नाही कापलं, १३ ला कापलं. नऊच्या नऊ कुंड्या फुटल्या, मागच्या वर्षी दोन कुंड्यांच्या फांद्या काळ्या पडल्या होत्या तेव्हा मला वाटलं होतं पाणी कमी पडलं.

प्रतापनगरची सून | ४ डिसेंबर

आज दुसरा गुरुवार. पहिल्या खेपेतून पाच फुलं उमलली, तीन लाल, दोन गुलाबी. दुसऱ्या खेपेच्या कळ्या वाटाण्याहून मोठ्या आहेत, पुढच्या गुरुवारी होतील असं दिसते. ग्लॅडिएटरला अजून कळी नाही, पण दोन फूट झाला आहे, पानं निरोगी. पूजेला फुलं तोडताना कुठे कापायचं काका? देठ लांब घेतला तर कलशापाशी छान दिसते.

पेन्शनर माळी | ४ डिसेंबर

यंदा आखूड घ्या. फुलापासून खाली येत या, पाच पानांचं पहिलं पूर्ण पान लागेल, त्याच्या वर बाहेरच्या डोळ्यावर कापा. खाली जेवढी पानं राहतील तेवढं झाड पुढच्या फुलाला बळ देईल. कलशाला लांब देठ पुढच्या वर्षी.